बडोद्यात कारखाना टाकताना: आधी आतली मांडणी, मग जमीन

बडोद्यात कुणी कारखाना टाकायचं ठरवलं की पहिला फोन जातो जमिनीच्या दलालाला. मग रविवारी गाडी काढून मंजुसर, वाघोडिया, पोर या औद्योगिक वसाहतींचा फेरा होतो. स्क्वेअर फुटाचा भाव, हायवेपासूनचं अंतर आणि शेजारी कोणाचा कारखाना आहे एवढं पाहून प्लॉट पसंत पडतो. त्यानंतर आर्किटेक्ट बसेल तेवढी मोठी शेड काढतो आणि सगळ्यात शेवटी त्या शेडमध्ये मशिनं कुठे बसवायची याचा विचार सुरू होतो. हा क्रम नेमका उलटा आहे. माल आत कसा चालणार हे ठरल्याशिवाय शेड केवढी हवी ते कळत नाही, आणि शेड कळल्याशिवाय प्लॉटचा आकार कळत नाही. भाव हा फार पुढचा प्रश्न.

म्हणून इथे उलट्या टोकापासून जाऊ. हातात एक उदाहरण असलेलं बरं, तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टाक्या बनवणारं छोटं युनिट धरू. मणेजापासून मियागाम-करजणपर्यंत ट्रान्सफॉर्मर बनवणारे मोठे कारखाने आहेत, त्यांना टाक्या पुरवणं हा बडोद्याच्या मातीतला धंदा. महिन्याला ४० टन पत्रा येतो, १० टक्के भंगारात जातो आणि साधारण १.२ टनाच्या ३० टाक्या बाहेर पडतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. रीत तीच राहील.

पहिलं काम: कागदावर माल चालवा

एक मोठा कागद घ्या आणि पत्रा गाडीतून उतरल्यापासून टाकी गाडीत चढेपर्यंत त्याला काय काय होतं ते ओळीने लिहा. पत्र्याचा साठा, प्लाझ्मा कटिंग, प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवणाऱ्या मशीनवर) बेंडिंग, वेल्डिंग, गळती तपासणी, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून गंज काढणं), रंग, वाळवण, ग्राहकाच्या इन्स्पेक्टरची वाट, रवानगी. यात फक्त 'काम' लिहू नका, 'थांबणं'ही लिहा. नवीन माणूस मशिनं मोजतो आणि थांबलेला माल विसरतो. पुढे तोच माल गँगवेमध्ये, म्हणजे शेडमधल्या ये-जा करायच्या वाटेत येऊन बसतो.

थांबणाऱ्या मालाचा हिशोब सोपा आहे. महिन्याला ३० टाक्या म्हणजे २५ दिवस धरले तर रोज १.२ टाकी. एक टाकी वेल्डिंगमध्ये ५ दिवस राहत असेल, तर कोणत्याही दिवशी वेल्डिंगमध्ये १.२ गुणिले ५, म्हणजे ६ टाक्या असणार. तेवढे ठिय्ये, म्हणजे टाकी ठेवून काम करायच्या जागा, हवेतच. रंग आणि वाळवणीला ३ दिवस, म्हणजे ३.६, धरा ४ जागा. आता इन्स्पेक्टर बोलावल्यापासून माल उचलला जाईपर्यंत ५ दिवस जात असतील, तर तिथेही ६ टाक्या उभ्या. म्हणजे काहीही न करता उभ्या असलेल्या टाक्या आणि वेल्डर घाम गाळतोय त्या टाक्या संख्येने सारख्याच. इन्स्पेक्टरची वाट ५ वरून २ दिवसांवर आणता आली तर छपराखालची जागा वाचते. कधी कधी शेड वाढवण्यापेक्षा ग्राहकाशी तपासणीचे वार ठरवून घेणं स्वस्त पडतं.

दुसरं काम: जागेचा हिशोब, मशीनच्या कॅटलॉगवरून नव्हे

कॅटलॉगमध्ये मशीनची लांबी-रुंदी असते. ती जागा मशीनची. मशीनपुढे माणूस उभा राहतो, एका बाजूला कच्चा माल, दुसऱ्या बाजूला झालेला माल, मागे मेन्टेनन्सवाल्याला दार उघडायला जागा, ही सगळी त्यात धरावी लागते. ३ मीटरच्या प्रेस ब्रेकचं उदाहरण घ्या. मशीन स्वतः जेमतेम ३ बाय २ मीटर, पण मोठा पत्रा वाकताना पुढचं टोक वर उसळतं आणि दोन माणसं तो धरून मागेपुढे होतात. त्याला ७ बाय ८, म्हणजे ५६ चौरस मीटर दिले तरच काम सुखाने चालतं.

टाकीचा पाया २.५ बाय १.२ मीटर धरा. वेल्डिंगला चारी बाजूंनी दीड मीटर मोकळं हवं, म्हणजे ५.५ बाय ४.२, साधारण २३ चौरस मीटर. असे सहा ठिय्ये म्हणजे १३८. तपासणीची वाट पाहणाऱ्या टाकीला भोवती पाऊण मीटर पुरतं, एकीला ११ धरून सहांना ६६. रंग आणि वाळवणीला ६०, कटिंगला ६०, बेंडिंगला वरचे ५६, पत्र्याच्या साठ्याला ५०, गळती तपासणी आणि दुरुस्तीला ४६, ब्लास्टिंगला ४०, स्टोअर आणि टूलरूमला ४०. बेरीज ५५६ चौरस मीटर. त्यावर रस्ते आणि गँगवे यांचे ३५ टक्के चढवले की ७५० येतात.

हे ३५ टक्के कुणाला उधळपट्टी वाटते. वाटू द्या. ३ टनी फोर्कलिफ्टला पॅलेट घेऊन काटकोनात वळायला चार मीटर किंवा थोडा जास्तच रुंद गँगवे लागतो, हातगाडीवर चालणाऱ्या कामाला दोन मीटर पुरतात. आपल्या उदाहरणात वरून क्रेन असल्यामुळे फोर्कलिफ्टची गरज कमी, म्हणून ३५. क्रेन नसती तर ५० टक्के धरले असते.

कायद्याचंही एक माप लक्षात ठेवा. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा मागितली होती, आणि ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही असं सांगितलं होतं. म्हणजे माणशी जवळजवळ ३.४ चौरस मीटर. नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली असली तरी हा अंदाज आराखड्यासाठी धरून चालायला हरकत नाही. टाक्यांच्या युनिटला हे माप कधीच आडवं येणार नाही. पण पॅकिंग, शिलाई किंवा पॅनल वायरिंगसारखा माणसांनी भरलेला धंदा असेल तर शेडचं क्षेत्रफळ मशिनांवरून नाही, यावरून ठरतं.

उंचीचा हिशोब वेगळा. दोन मीटर उंचीची टाकी दुसऱ्या तेवढ्याच टाकीवरून न्यायची असेल तर खालची टाकी २ मीटर, मधलं अंतर अर्धा मीटर, उचललेली टाकी २ मीटर, स्लिंग दीड मीटर. हुक ६ मीटरवर हवा. त्यावर क्रेनचा गर्डर आणि छताखालची मोकळीक मिळून आणखी दोनेक मीटर. म्हणजे कडेची उंची ८ मीटर. मकरपुऱ्यातली एखादी जुनी शेड भाड्याने किंवा विकत मिळते म्हणून खूश होण्याआधी आत जाऊन टेपने उंची मोजा. बऱ्याच जुन्या शेड ठेंगण्या आहेत, आणि खांब क्रेनच्या भारासाठी उभे केलेले नसतात. अशा खांबांवर मागाहून ब्रॅकेट वेल्ड करून क्रेन चढवू नका.

तिसरं काम: आकार

७५० चौरस मीटर म्हणजे १५ बाय ५०. एकच गाळा, एकच क्रेन, माल एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर. १५ मीटरचा गाळा पीईबी शेडमध्ये (कारखान्यात आधीच तयार केलेले लोखंडी भाग जोडून उभारलेल्या शेडमध्ये) सहज आणि स्वस्तात बसतो. आता याभोवती प्लॉट विणा. दोन्ही बाजूंना ६ मीटर, कारण तिथून ट्रक आणि आगीचा बंब जायला हवा. मागे ६ मीटर, पुढे गाडी वळवायला २० मीटर. झाला २७ बाय ७६, म्हणजे २,०५२ चौरस मीटरचा प्लॉट. नियमाने सोडायची मार्जिन प्लॉटच्या मापानुसार बदलतात, ती जीआयडीसीच्या (गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या) किंवा वुडाच्या (बडोदा नागरी विकास प्राधिकरणाच्या) नियमावलीत बघून घ्या. नियमातलं माप कमी असलं तरी ट्रक नियम वाचून वळत नाही.

आता दलाल तुम्हाला ४५ बाय ४५ चा प्लॉट दाखवतो. २,०२५ चौरस मीटर, जवळजवळ तेवढाच, वर चौरस मीटरमागे दोनशे रुपये स्वस्त. पण त्यात ५० मीटरची सरळ रेघ बसत नाही. शेड दोन गाळ्यांची करावी लागेल, दोन क्रेन लागतील, आणि एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात टाकी नेण्यासाठी रुळावरची ट्रॉली. दुसऱ्या क्रेनचा आणि ट्रॉलीचा खर्च काढून बघा, मग त्या दोनशे रुपयांना किती किंमत आहे ते कळेल. चौरस प्लॉट वाईट असतो असं नाही. हलका माल, क्रेन नाही, एकच गेट आणि यू आकारात फिरणारी लाइन असेल तर तोच बरा, कारण कच्चा आणि पक्का माल एकाच दारावर येतो आणि एकच वॉचमन दोन्ही बघतो.

वाढीचा विचारही आताच. लांबट शेड पुढे-मागे वाढते, म्हणून ज्या टोकाला वाढ होणार त्या टोकाला ट्रान्सफॉर्मर यार्ड, पाण्याची टाकी, संडास यांपैकी काहीही बांधू नका. तिथे पार्किंग किंवा झाडं ठेवा. आपल्या २७ बाय ७६ मध्ये वाढ जवळजवळ नाहीच. पाच वर्षांत काम दुप्पट व्हायची खात्री असेल तर लांबी शंभर मीटर मागा.

चौथं काम: कुठली दिशा, सावली तालुका की करजण

इथे मालाचं वजन नाही, आकारमान बोलतं. पत्रा सपाट येतो, २० टनाच्या गाडीत गच्च भरतो. महिन्याचे ४० टन म्हणजे दोन गाड्या. टाकी मात्र बाहेर जाताना हवा भरलेलं खोकं असते. एका गाडीत तीन बसतात, म्हणजे ३० टाक्यांना दहा फेऱ्या. पत्र्याच्या वाटेवरच्या एका किलोमीटरपेक्षा ग्राहकाच्या वाटेवरचा एक किलोमीटर पाचपट महाग पडला. तेव्हा अशा धंद्याने ग्राहकाच्या कुशीत जावं, पत्रा सुरतजवळच्या हजिऱ्याहून येऊ दे नाहीतर आणखी लांबून. उलट ज्या धंद्यात माल आत येतो जड आणि बाहेर जातो हलका, उदाहरणार्थ बियांपासून तेल किंवा लाकडापासून फर्निचरचे सुटे भाग, त्याने कच्च्या मालाजवळ बसावं. स्वतःच्या फेऱ्या मोजा. टनांवर विसंबू नका.

बडोद्याभोवतीच्या वसाहतींची थोडक्यात ओळख अशी. मकरपुरा जुनी, शहर तिच्या पलीकडे निघून गेलंय. कारागीर, हार्डवेअर, जॉबवर्क सगळं पायी अंतरावर, पण मोठ्या गाड्यांना त्रास आणि मोकळे प्लॉट नाहीतच. पोर-रमणगामडी राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, सुरत-मुंबईकडच्या मालाला सोयीची. वाघोडिया आणि त्यापुढे पंचमहालमधलं हालोल पूर्वेला. सावली तालुक्यातल्या मंजुसरला मोठे प्लॉट आणि मोठे कारखाने, रेल्वे-मेट्रोचे डबेही तिकडेच बनतात. नंदेसरी रसायनांची. इंजिनियरिंगवाल्याने तिथे जायचं कारण नाही, आणि रसायनवाल्याने दुसरीकडे जाताना शंभरदा विचार करावा. कारण सांडपाणी. बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून चालू आहे, आणि तुमच्या पाण्याला त्यात किंवा सामाईक शुद्धीकरण केंद्रात जागा मिळणार की नाही यावर रासायनिक धंद्याचं जगणं अवलंबून असतं. ते लेखी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये.

मजुरांचाही नकाशा काढा. वेल्डर कुठे राहतात, दुसऱ्या पाळीनंतर रात्री परत कसे जाणार, स्त्रिया कामाला घेणार असाल तर बस स्टॉपपासून गेटपर्यंत उजेड आहे का. हे रविवारी दुपारी दिसत नाही. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला आणि रात्री नऊला जाऊन बघा.

मग तीन-चार प्लॉट हाती राहिले की लोक गुणांचा तक्ता करतात. रस्त्याला दहापैकी इतके, विजेला इतके. माझा या तक्त्यावर फारसा विश्वास नाही, कारण ज्याला जो प्लॉट आधीच आवडलेला असतो तोच त्यात पहिला येतो. करायचाच तर आधी बाद करणाऱ्या अटी लावा: पाणी भरतं, कागद स्वच्छ नाहीत, लांबी बसत नाही, सांडपाण्याला वाट नाही. यातली एक जरी लागू झाली तरी प्लॉट बाद, गुण द्यायचेच नाहीत. उरलेल्यांना गुण द्या, आणि मग वजनं थोडी खालीवर करून बघा. पहिला नंबर लगेच बदलत असेल तर ते प्लॉट सारखेच आहेत असं समजा. अशा वेळी ज्या गोष्टी नंतर पैशाने सुधारता येत नाहीत, म्हणजे आकार, उतार आणि रस्त्याची रुंदी, त्यांवरून निवडा.

पाचवं काम: प्लॉटवर पाय ठेवल्यावर

पहिलं पाणी. विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरातून येते, आजवा तलावाचं पाणी तिच्यात सुटतं, आणि शहरात काळा घोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. प्लॉट नदीपासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कोतर (घळी), कांस (पावसाच्या पाण्याचे नाले) आणि बुजवलेली तळी कुठे होती ते शेजारच्या टपरीवाल्याला आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या दोन वर्षी पाणी कुठवर आलं हे नेमकं विचारा, आणि शेजाऱ्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ स्वतः बघा. जोतं रस्त्याच्या मध्यापेक्षा निदान ६० सेंटिमीटर वर ठेवा. डांबराचे थर चढत जातात आणि दहा वर्षांत रस्ता तुमच्या बरोबरीला येतो.

दुसरी माती. करजण, डभोई हा कानमचा काळ्या मातीचा पट्टा. कापसाला सोनं, कारखान्याच्या फरशीला काळ. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यासोबत तुमची फरशी आणि प्लाझ्माच्या टेबलाची लेव्हलही. प्लॉट घेण्याआधी दोन-तीन बोअर मारून मातीची तपासणी करून घ्या. जमीनवाला परवानगी देत नसेल तर तेही उत्तरच आहे. अहवालात फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती फुगते त्याचं माप, बघा. तो ५० टक्क्यांच्या वर असेल तर शेडच्या खांबांना बहुधा अंडररीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले खोल पाये) लागतील आणि फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरावा लागेल. हा खर्च जमिनीच्या भावात मिळवून मगच दोन प्लॉटची तुलना करा. सावली तालुक्याकडची गोराडू (रेताड) माती या बाबतीत दयाळू आहे, मात्र महीच्या कोतरांजवळ भराव घातलेल्या जमिनी असतात, तिथे बोअर जास्त घ्या.

तिसरी वीज. मध्य गुजरात वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन जवळचं सबस्टेशन कुठे, फीडरवर मोकळा भार किती, उन्हाळ्यात किती वेळा जाते हे विचारा. भार ठराविक मर्यादेच्या वर गेला की ११ केव्हीचं कनेक्शन घ्यावं लागतं आणि ट्रान्सफॉर्मर, मीटर खोली, केबलची वाट यांना प्लॉटमध्ये जागा द्यावी लागते. आराखड्यात ही जागा हटकून विसरली जाते आणि मग ट्रान्सफॉर्मर गेटपाशी, ट्रकच्या वाटेत येऊन बसतो.

उन्हाचं आणि वाऱ्याचं गणितही इथेच. बडोदा २२.३ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत भट्टीसारखी तापते. तेव्हा शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम धावेल असा प्लॉट मिळाला तर पश्चिमेला फक्त १५ मीटरची भिंत येते आणि उत्तरेकडून झगमगाट नसलेला उजेड मिळतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून. म्हणून धूर, धूळ आणि रंगाचा वास ईशान्येच्या कोपऱ्यातून बाहेर पडू द्या.

सहावं काम: कागद

जीआयडीसीचा प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. दुसऱ्याकडून घेत असाल तर ट्रान्सफर फी कोण भरणार, मूळ माणसाने ठरल्या मुदतीत बांधकाम केलं होतं का, न वापरल्याचा दंड साचलाय का, हे महामंडळाच्या कार्यालयातून लेखी घ्या. पाणीपट्टी, सेवाशुल्क आणि विशेषतः विजेची थकबाकी बघा. जुन्या मालकाने बुडवलेलं बिल नव्या कनेक्शनच्या वेळी तुमच्याकडे मागता येतं.

खासगी शेतजमीन घेणार असाल तर सातबारा, आठ-अ आणि नोंदींचा सहा नंबर एनीआरओआरवर (गुजरातच्या जमीन नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर) तुम्ही स्वतः काढा, दलालाने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. जमीन जुन्या शरतीची (बंधनमुक्त) की नव्या शरतीची (विक्रीवर सरकारी बंधन असलेली), हा पहिला प्रश्न. नव्या शरतीची असेल तर सरकारात प्रीमियम भरावा लागतो का हे कळल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका. शेतकरी नसलेल्याला उद्योगासाठी शेतजमीन घेता यावी म्हणून गुजरातच्या गणोत (कूळ) कायद्यात कलम ६३ एए आहे, पण त्याच्या अटी आणि मुदती असतात. बिनशेती झाल्याचा हुकूम, पोचरस्ता नकाशावर आहे की नुसता शेजाऱ्याच्या मर्जीवर, वरून जाणारी हायटेन्शन लाइन, खालून जाणारी गॅस किंवा तेलाची पाइपलाइन, हे वकिलासोबत बघा. कोयली रिफायनरीच्या गावात जमिनीखाली काय काय पुरलंय याची कल्पना करा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बांधकामाच्या आधी लागते, नंतर नाही. प्रदूषणानुसार धंद्यांचे लाल, नारिंगी, हिरवा असे वर्ग असतात, तुमचा धंदा कोणत्या रंगाच्या वर्गात येतो ते आधी ठरवा, कारण एक प्रक्रिया वाढली की वर्ग बदलतो. नुसतं कापणं-जोडणं वेगळं, आणि त्यात अॅसिड पिकलिंग किंवा इलेक्ट्रोप्लेटिंग आलं की गोष्टच वेगळी. असं काम बाहेरून करून घेणं बहुतेक छोट्या युनिटना परवडतं. कारखान्याचे नकाशेही औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावे लागतात, म्हणून आतली मांडणी या टप्प्यावर ठरलेलीच हवी.

सातवं काम: आतली मांडणी, पुठ्ठ्याने आणि फक्कीने

१:१०० च्या मापाचा शेडचा नकाशा टेबलावर पसरा. प्रत्येक मशीन, त्याच्या भोवतीच्या जागेसकट, पुठ्ठ्यातून कापा. संगणकावरही हे होतं, पण पुठ्ठे टेबलावर असले की सुपरवायझर आणि वेल्डर हात घालतात, आणि चुका तेच पकडतात. मग दोरा घेऊन एका टाकीची वाट टाचण्यांवरून फिरवा. दोरा जिथे स्वतःलाच ओलांडतो तिथे पुढे गर्दी होणार.

कोण कोणाजवळ हवं यापेक्षा कोण कोणाजवळ नको, इथून सुरुवात करा. रंगाच्या जागेजवळ वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या नकोत. ब्लास्टिंगची धूळ ओल्या रंगावर नको. कॉम्प्रेसर ऑफिसच्या भिंतीला नको, पण हवेची पाइप फार लांबही नको, म्हणून तो शेडबाहेर उत्तरेच्या सावलीत. ऑक्सिजनचे आणि अॅसिटिलिनचे सिलिंडर एकत्र नकोत, मध्ये सुमारे ६ मीटर अंतर किंवा आगरोधक भिंत. पिण्याचं पाणी संडास-मोरीपासून निदान ६ मीटर दूर, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातलं माप. आणि कुठल्याही ठिकाणाहून बाहेर पडायला दोन वेगवेगळ्या दिशांना वाटा, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी.

आपल्या उदाहरणात पत्र्याची गाडी महिन्यातून दोनदा आणि टाक्यांची दहादा. म्हणून रवानगी गेटजवळ, पत्र्याचा साठा मागे. पत्रेवाला ट्रक महिन्यात दोनदा सहा मीटरच्या बाजूच्या वाटेने मागे जाईल, रोजची वर्दळ मात्र पुढच्या वीस मीटरात आटोपेल. गेट पूर्वेला मिळालं तर माल पश्चिमेकडून पूर्वेकडे चालतो, रंगाचा बूथ शेडच्या ईशान्येला येतो आणि नैर्ऋत्येचा वारा वास बाहेर नेतो. ऑफिस आग्नेय कोपऱ्यात, रंगाच्या वाऱ्याबाहेर.

इथे वास्तूवाले येतात आणि ईशान्येला देवघर किंवा पाणी हवं म्हणतात. तुमचा किंवा घरातल्या मोठ्यांचा विश्वास असेल तर त्यांना याच टप्प्यावर बोलवा, पुठ्ठे हलवायला पैसे लागत नाहीत. शेड उभी राहिल्यावर वास्तूसाठी हलवलेला पॅनल बोर्ड मी बडोद्यात पुष्कळ ठिकाणी पाहिलाय, आणि दरवेळी केबल तोकडी पडलेली असते. प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात, शेडबाहेर, तुळस आणि पाण्याची टाकी ठेवून बहुतेक वेळा दोन्ही पक्षांचं समाधान होतं.

पुठ्ठ्यांवर एकमत झालं की मोकळ्या जमिनीवर फक्की मारून पूर्ण मापात आखणी करा. वेल्डरला ठिय्यात उभं करा, दोघांना लाकडी चौकट धरून टाकी नेल्यासारखं चालायला लावा, टेम्पो आत घेऊन वळवा. खांब कुठे येतात ते बांबू रोवून बघा. वळणाच्या नेमक्या तोंडाशी खांब येतोय हे या दिवशी कळलं तर पीईबीवाल्याला खांबांतलं अंतर सहावरून साडेसात मीटर करायला सांगता येतं, ड्रॉइंग मंजूर झाल्यावर नाही. त्याच वेळी छतावर पुढे सोलर बसवायचं असेल तर चौरस मीटरला १५ किलोचा जादा भार डिझाइनमध्ये धरायला सांगा. आता ते स्वस्तात होतं.

मशिनं आली की सगळ्यांना पक्के पाये करण्याची घाई करू नका. प्रेस ब्रेक आणि ब्लास्टिंगचा खड्डा सोडला तर बाकीचं बरंच काही पॅडवर उभं राहू शकतं. वीज आणि हवेच्या लाइन जमिनीतल्या नाळीऐवजी वरून आणा, म्हणजे ड्रॉप कुठेही सोडता येतो. गँगवेच्या पिवळ्या पट्ट्याही पहिले तीन महिने टेपच्याच ठेवा. या काळात माल आपोआप कुठे साचतो, माणसं कुठून आडवाट काढतात ते रोज नकाशावर पेन्सिलने मारत जा. मग टेप सोलून काढा, हलवायचं ते हलवा, आणि नंतर मशिनं जमिनीत कायमची पक्की करणाऱ्या ग्राउटिंगवाल्याला बोलवा.